वीसची रेघ

"काका, हे नाही चालायचं," खिडकीतली मुलगी म्हणाली आणि तिने झाकण लावलेली प्लॅस्टिकची डबी दोन बोटांनी त्याच्याकडे परत सरकवली.

तो डबीकडे बघत राहिला. डबीवर वीस मिलीलिटरची रेघ होती आणि आतली पिवळट पातळी त्या रेघेवर बरोब्बर टेकलेली होती. ती तशी टेकावी म्हणून त्याने स्वच्छतागृहात सपाट कठडा बघून डबी ठेवली होती, गुडघे वाकवून डोळे रेघेच्या उंचीवर आणले होते, कडेला किंचित वर चढलेला भाग सोडून मधल्या खोलगट भागाची पातळी धरली होती आणि दोन-तीन थेंब जास्त वाटले ते बेसिनमध्ये टाकून दिले होते. वजनमापं तपासण्याच्या खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस तो. ऑफिसात त्याला पाठीमागे, आणि आता आता तोंडावरही, मिलीग्रॅम म्हणायचे. त्याने दिलेलं माप आजवर कुणी परत केलं नव्हतं. परत करण्याचं काम त्याचं होतं.

"वीसच आहे," तो म्हणाला.

"वीसच आहे हो. पण पहिली धार घेतलीत का?"

मागे बाकावर चार-पाच माणसं बसलेली होती. त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "पहिली सोडली. मधली घेतली. मागे मूतखड्याच्या वेळी तसंच सांगितलं होतं."

"तिथे तसंच असतं. इथे उलटं. काय असेल नसेल ते सुरुवातीच्या धारेतच येतं, आणि तुम्ही नेमकं तेच सोडून दिलंत." मुलगी हसली, पण त्याला हसली नाही, असं रोज होतं अशा अर्थाचं ते हसू होतं. "नवी डबी घ्या. आता तासभर थांबायचं, मध्ये जायचं नाही. आणि काका, रेघेच्या जरा इकडेतिकडे झालं तरी काही बिघडत नाही."

जरा इकडेतिकडे. हे दोन शब्द त्याने आयुष्यभर दुकानदारांच्या तोंडून ऐकले होते आणि ऐकल्या ऐकल्या नोटिशीचं पुस्तक उघडलं होतं.

तो बाकावर येऊन बसला. भिंतीवरचं घड्याळ त्याने मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. भिंतीवरचं चार मिनिटं पुढे होतं. सवयीने हात खिशातल्या वहीकडे गेला आणि परत आला. इथे तपासणारा तो नव्हता. हातात चव्वेचाळीस आकडा छापलेला बिल्ला होता आणि ह्या इमारतीत त्याला दुसरं नाव नव्हतं. सकाळी दारातच हे सांगितलं गेलं तेव्हा त्याला बरं वाटलं होतं, आणि बरं वाटल्याचं जरासं वाईटही वाटलं होतं. गेले तीन आठवडे त्याने ह्या जागेचं जे चित्र मनात रंगवलं होतं त्यातलं इथे काहीच नव्हतं. त्याच्या चित्रात एक अंधारी बोळवजा खोली होती, तोंडाला रुमाल लावलेली माणसं होती, त्याला ओळखणारा एखादा कारकून होता आणि जिभेने टाळ्याला चक् करणारी एक नर्स होती. प्रत्यक्षात बँकेसारखा उजेड होता. कोपऱ्यात रबराचं झाड होतं आणि त्याची पानं कुणीतरी पुसत असलं पाहिजे, कारण त्यांवर धूळ नव्हती. एक तरुण मांडीवर हेल्मेट घेऊन बसला होता. एका जोडप्याने एकाच मोबाइलमध्ये डोकं घातलं होतं. त्याच्याच वयाची, सुती साडीची एक बाई शब्दकोडं सोडवत होती आणि अडलं की पेन्सिल दातांत धरत होती. तिच्या मांडीवरही बिल्ला होता. तिच्याकडे बघताना त्याच्या मनात पटकन आलं, ही इथे कशी? आणि दुसऱ्या क्षणी कळलं की तिलाही त्याच्याकडे बघून तेच वाटत असेल, किंवा तिला काहीच वाटत नसेल आणि सात अक्षरी शब्द आठवत नसेल.

तीन आठवड्यांपूर्वी, संध्याकाळचा शेवटचा वर्ग सुटल्यावर, तरणतलावाच्या काठच्या बाकावर तिने एक लिफाफा त्याच्या हातात दिला होता. ती म्हणजे तलावावर पोहायला शिकवणारी. पोरं तिला शिट्टीबाई म्हणायची. वर्षापूर्वी स्पर्धांची स्टॉपवॉच तपासायला म्हणून तो तिथे पहिल्यांदा गेला, तेव्हा तिने सहाच्या सहा घड्याळं आणून त्याच्यापुढे ओळीने मांडली होती, आणि दोन चुकीची निघाली तेव्हा तोंड पाडण्याऐवजी म्हणाली होती, "बरं झालं. गेल्या वर्षी ज्या पोरीला दुसरा नंबर दिला तिच्या घरी जाऊन सांगायला पाहिजे." आणि खरंच गेली होती. एकतीस वर्षांत चुकीचं माप निघाल्यावर असं करणारं माणूस त्याला भेटलं नव्हतं. त्यानंतर तो घड्याळं बघण्याच्या निमित्ताने गेला, मग निमित्त न शोधताच जायला लागला. त्याची बायको जाऊन सात वर्षं झाली होती. शिट्टीबाईचा घटस्फोट होऊन नऊ. पुढच्या एक तारखेला ती आपली भाड्याची जागा सोडून त्याच्या घरी राहायला येणार होती. तिने आपल्या कपाटाची मापं त्याला दिली होती आणि त्याने ती तीनदा मोजली होती.

लिफाफा क्लोरीनच्या वासाचा होता, एका कोपऱ्याला ओला. आत तिचे रिपोर्ट होते. एका खाली एक रोगांची नावं, काही त्याने ऐकलेली, काही कधीच न ऐकलेली, आणि प्रत्येकापुढे निगेटिव्ह.

"वाचलंस? आता तुझे," ती टॉवेलने केस खसाखसा पुसत म्हणाली.

"माझे कशाला?"

"कशाला म्हणजे? एका घरात राहायचंय, एका पलंगावर झोपायचंय, म्हणून. माझ्या नवऱ्याने मला काय आणून दिलं होतं ते सांगितलंय ना तुला? दोन वर्षं ओटीपोटात दुखायचं. सगळ्या डॉक्टरांनी सगळं तपासलं, एवढं एक सोडून. का? तर मी लग्नाची बायको. माझ्या बाबतीत हे कुणाच्या डोक्यातच येईना. माझ्याही नाही."

"म्हणजे तुमचा माझ्यावर विश्वास नाही." तो एकदम अहोजाहोवर गेला होता.

ती केस पुसायची थांबली. मग तिने हनुवटीनेच समोरच्या भिंतीवरची पाटी दाखवली. पाण्यात उतरण्यापूर्वी अंघोळ करणे सक्तीचे आहे. "ही पाटी काय लोक मळकट आहेत म्हणून लावलीय? डॉक्टर येतात, वकील येतात, घरून उटणी लावून आलेल्या बाया येतात. सगळ्यांना आधी नळाखाली उभं करते मी. पाणी सगळ्यांचं आहे म्हणून. एकालाही आजवर राग नाही आला. तुम्हालाच आला बघा, पहिल्यांदा." शेवटचं वाक्य तिने त्याच्याच अहोजाहोत त्याला परत केलं.

त्यावर तो म्हणाला होता, "बायको गेल्यावर माझ्या आयुष्यात कुणी नव्हतं. तुला माहितीये."

हे इतक्या सहज तोंडून गेलं होतं की त्या रात्री दात घासताना त्याला ते आठवलं आणि ब्रश हातातच राहिला. खोटं बोलायचं त्याने ठरवलं नव्हतं. त्याने फक्त एक आकडा पूर्ण केला होता. सात वर्षांत एकदा. अडीच हजारांवर रात्रींत एक. हिशेबाला बसणारा कुणीही ते शून्य धरील. कुणीही म्हणजे मिलीग्रॅम सोडून कुणीही.

घड्याळात अजून त्रेचाळीस मिनिटं होती. हेल्मेटवाल्याचा आकडा पुकारला गेला आणि तो हेल्मेट बाकावर ठेवून आत गेला. आपण ह्या हेल्मेटवर लक्ष ठेवायला हवं असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. त्याला कार्यालयातल्या लाकडी पेटीची आठवण झाली. पेटीत निळ्या मखमलीच्या खोबणीत प्रमाण वजनं असायची, किलोपासून मिलीग्रॅमपर्यंत, उतरत्या क्रमाने, एखाद्या कुटुंबाच्या फोटोसारखी. त्यांना हाताने शिवायचं नाही हे नोकरीच्या पहिल्या दिवशी मोठ्या साहेबांनी सांगितलं होतं. बोटांना तेल असतं, डोळ्यांना दिसत नाही पण काट्याला दिसतं. मोठी वजनं चामड्याच्या फडक्यात धरायची, बारीक चिमट्याने. हे त्याच्या इतकं हाडीमाशी खिळलं होतं की बायको कौतुकाने आणि कधीकधी कावून म्हणायची, "मलाही चिमट्यानेच उचलता तुम्ही." दर दोन वर्षांनी ही पेटी तो स्वतः वरच्या प्रयोगशाळेत घेऊन जायचा. तिथे त्यांच्याहून वरच्या वजनांशी ती ताडून पाहत. ज्यांच्यावरून सगळ्या गावाचे काटे तपासायचे त्यांचीही तपासणी व्हायची, आणि त्यात वजनांचा अपमान होतो असं त्याला एकदाही वाटलं नव्हतं. उलट नवा दाखला घेऊन परत येताना छाती पुढे यायची. मग बाजारात उतरल्यावर, पहिल्याच दुकानात, एखादा पोटावर हात ठेवून म्हणायचा, "साहेब, तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?" ह्या वाक्याला त्याचं ठरलेलं उत्तर होतं. विश्वासाचं काही नाही, शेठ, काटा आहे, तपासायचा असतो. हजारदा तरी दिलं असेल. आणि तलावाच्या काठावर त्याने दुकानदाराचं वाक्य दुकानदाराच्याच आवाजात म्हटलं होतं. हात पोटावर होता का, ते मात्र त्याला आठवेना.

सकाळी ह्या डबीच्या आधी त्याला पाच नंबरच्या खोलीत पाठवलं होतं. दारावर समुपदेशक अशी पाटी होती आणि आत एक सावळ्या, ठेंगण्या बाई होत्या, पन्नाशीच्या, चष्म्याला दोरी. टेबलावर एक अर्ज, पेन आणि कागदी रुमालांचा डबा, जो त्यांनी त्याच्या अगदी जवळ नाही आणि हात पुरणार नाही इतका लांबही नाही, असा ठेवलेला होता. ते अंतर बघूनच त्याला कळलं की ह्या बाईंना काम येतं. तपासणीला गेल्यावर तो आधी माणसाचे हात बघायचा. पारड्यात वजन टाकताना आवाज होतो की नाही, ह्यावरून दुकान कसं आहे ते कळतं. ह्या बाई प्रश्न ठेवत होत्या. टाकत नव्हत्या.

"काही होतंय का, काका? जळजळ, पुरळ, पू, कुठे गाठ?"

"नाही."

"छान. पण काही होत नाही म्हणजे काही नाहीच, असं नसतं हं. पुष्कळांना काहीच जाणवत नाही. शरीरसंबंध शेवटचा कधी आला?"

त्याने तारीख सांगितली. दोन वर्षं, तीन महिने आणि अकरा दिवसांपूर्वीची. बाईंनी ती लिहून घेतली, जणू सगळेच अशी तारीख सांगतात.

"पुरुषाबरोबर की स्त्रीबरोबर?"

"स्त्री."

"निरोध वापरला होता?"

"नाही. म्हणजे, ह्या वयात…"

"वयाला काय धाड भरलीय?" बाई मान वर न करता म्हणाल्या आणि पुढचा रकाना भरला. "मागच्या आठवड्यात सत्त्याहत्तर वर्षांचे आजोबा आले होते. काठी टेकत. मी म्हटलं, आजोबा, तुम्ही हवेत आम्हाला जाहिरातीला."

तो हसला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. ह्या बाईंना त्याने जे सांगितलं ते जगात दुसऱ्या कुणालाही सांगितलेलं नव्हतं, आणि सांगून झाल्यावर छताचा पंखा तसाच फिरत होता. त्यांच्या भुवया एकदाही हलल्या नव्हत्या. दिवसाला तीस माणसं, प्रत्येकाच्या पोटातला एक गोळा, आणि प्रत्येकाला तोच आवाज, त्याच वजनाचा, सकाळी दहालाही आणि बहुधा संध्याकाळी पाचलाही. असं सातत्य यंत्रात आणायलासुद्धा किती खटाटोप लागतो हे त्याला ठाऊक होतं. बाईंनी पुढे काय होणार ते सांगितलं. बोट टोचून दोन तपासण्या, एचआयव्ही आणि गरमी, म्हणजे सिफिलिस, वीस मिनिटांत कळेल. कावीळ शिरेतल्या रक्तातून. बाकीचं लघवीतून, गुरुवारी कळेल. बहुतेक गोष्टी औषधाने पूर्ण बऱ्या होतात, आणि ज्या होत नाहीत त्या औषधावर राहून माणूस म्हातारा होतो. मग अर्जाच्या शेवटच्या रकान्यापाशी येऊन त्यांनी विचारलं, "आणि समजा काही निघालंच, तर त्या बाईंनाही कळवायला लागेल. तुम्ही सांगाल की आम्ही सांगू? आम्ही सांगितलं तर तुमचं नाव येत नाही."

"तिला? तिला कशाला? तिच्याकडूनच तर…"

"कुणाकडून कुणाकडे गेलं ते आम्ही नाही शोधत," बाई म्हणाल्या. "त्यांनाही उपचार मिळावा, एवढंच. विचार करून ठेवा."

आणि त्या विचारातच तो स्वच्छतागृहात गेला होता आणि डबीत मधली धार धरून रेघ गाठत बसला होता.

आता बाकावर तो विचार पुन्हा आला आणि ह्या वेळी हलायला तयार होईना. तीन आठवडे त्याने त्या रात्रीकडे एकाच बाजूने पाहिलं होतं. तिथून काहीतरी त्याच्याकडे आलं असेल का? रस्ता एकेरी होता. त्याच्याकडून काही तिकडे गेलं असेल, ती कुठेतरी अशाच बाकावर बसली असेल, हे त्याच्या डोक्याला शिवलंही नव्हतं. तीसुद्धा त्याच्याच खात्यातली, दुसऱ्या शहरातली, पेट्रोल पंपांची मापं तपासणारी. पाच दिवसांचं प्रशिक्षण होतं. तिच्या पदराला कायम पेट्रोलचा पुसट वास यायचा आणि ती स्वतःच म्हणायची, माझ्याजवळ कुणी काडी ओढू नका. चौथ्या दिवशी संध्याकाळी जेवणानंतर ती त्याला पंपवाल्यांच्या लबाड्यांच्या गोष्टी सांगत बसली आणि तो पोट धरून हसला. बायको गेल्यावर असं हसणं आपल्याला जमतं हे त्याला त्या दिवशी नव्याने कळलं. तिच्या खोलीत पिवळा दिवा होता. तिने त्याचा चष्मा काढून घडी करून उशाशी ठेवला होता. आठवताना त्याला नेहमी हेच आधी आठवायचं, तिने चष्म्याच्या काचांना बोट लागू दिलं नव्हतं. पहाटे तिला झोपेतच सोडून तो पहिली गाडी पकडून परत आला. पाचव्या दिवसाचं प्रशिक्षण बुडवलं, आजारपणाचा अर्ज दिला. दुपारी तिचा निरोप आला, चार अक्षरी आणि एक अक्षरी असे दोन शब्द. पोचलात का?

त्याने उत्तर दिलं नाही. पहिल्या दिवशी काय लिहावं कळेना म्हणून, दुसऱ्या दिवशी पहिला दिवस गेला म्हणून. नंतर ते तसंच पडून राहिलं. त्याने खिशातून मोबाइल काढला, यादी खाली, आणखी खाली सरकवत नेली. ते तिथेच होतं. त्याखाली पांढरी मोकळी जागा होती, त्याच्या उत्तराची.

तास भरला. त्याने भिंतीवरच्या नव्हे, आपल्या घड्याळाप्रमाणे साठ मिनिटं पुरी केली आणि उठला. ह्या वेळी त्याने पहिलीच धार घेतली आणि डबी न बघता झाकण लावलं. खिडकीत दिल्यावर मात्र राहवेना; वाकून पाहिलं. पातळी रेघेच्या बरीच वर होती. "झकास," मुलगी म्हणाली. तिने त्याच्या बोटावर थंड ओला कापूस फिरवला, टक् असा आवाज झाला, आणि लाल मणी वर आला. तिने बारीक नळीने तो थेंब टिपला, वाया न घालवता, पट्टीच्या नेमक्या खळग्यात सोडला, दुसऱ्या पट्टीवर दुसरा. मग दंडाला पट्टा बांधून शीर शोधली. तिचं बोट त्याच्या कोपराच्या घडीत दाबून पाहत होतं, हातमोज्यातूनही उबदार. "मूठ आवळा. सोडा. झालं." सगळं मिळून चार मिनिटं. असले हात असलेली माणसं आपल्या खात्यात चार असती, तर बाजारातले काटे आपोआप सरळ झाले असते, असं त्याला वाटलं, आणि हे तिला सांगावं असंही वाटलं, पण तिने पंचेचाळीस पुकारलं होतं. शब्दकोड्याची बाई पेन्सिल अंबाड्यात खोचून उठली. खिडकीशी ती दोघं समोरासमोर आली. तिने किंचित मान लववून त्याला वाट दिली, देवळात किंवा बसमध्ये द्यावी तशी.

वीस मिनिटांनी पाच नंबरच्या बाईंनी दोन्ही पट्ट्या त्याच्यापुढे ठेवल्या. प्रत्येकीवर एकच रेघ. "वरची रेघ म्हणजे पट्टी नीट काम करतेय. दुसरी उमटली असती तर काहीतरी आहे. नाही उमटली. दोन्ही निगेटिव्ह."

पट्टी आधी स्वतःला तपासून घेते, मग त्याला. त्याला हे फार आवडलं. जीव भांड्यात पडला आणि त्याचबरोबर दुसरं काहीतरी आत हळूच उठून बसलं. उरलेलं गुरुवारी अकरा वाजता. तेही बहुतेक नीटच निघेल. मग लिफाफा घ्यायचा आणि शिट्टीबाईच्या हातात द्यायचा. तिने तिचा दिला तसा. त्यात कुठेही तारीख नसेल, पिवळा दिवा नसेल. 'कुणी नव्हतं' हे वाक्य त्या लिफाफ्यात घडी घालून कायमचं बंद होईल आणि वर सरकारी शिक्का असेल. दाखला खरा, आणि माप खोटं. असे दाखले त्याने दुकानांच्या भिंतींवरून खाली उतरवले होते.

"बाई," तो उठता उठता म्हणाला, "गुरुवारचं कळायच्या आधी सांगितलेलं बरं की नंतर?"

"कुणाला?"

"घरी येणारंय ती. तिला मी… कमी सांगितलंय."

बाईंनी पहिल्यांदाच चष्मा काढला. तो दोरीवर लोंबला. "रिपोर्टचं मी सांगीन, काका. हे माझ्या अर्जात नाही," त्या म्हणाल्या. मग दारापर्यंत आल्या. "पण विचारताय म्हणजे तुम्हाला माहितीये."

तलावावर पाचचा वर्ग चालू होता. कमरेएवढ्या पाण्यात सात-आठ पोरं काठ धरून पाय झाडत होती आणि ती काठाने चालत त्यांच्यावर ओरडत होती. "गुडघे नको, मांडीपासून! कपडे धुताय का?" त्याला बघून तिने भुवया उंचावल्या, बोटाने पाच मिनिटं अशी खूण केली. तो नेहमीच्या बाकावर बसला. वर्षभर तो ह्या बाकावर तिची पिशवी सांभाळत बसत आला होता. पाण्यात एकदाही उतरला नव्हता, पोहता येत नाही म्हणून. ती आली, टॉवेल गळ्यात टाकून बसली आणि त्याच्या बोटावरची पट्टी तिला दिसली.

"गेलास!" ती खूश होऊन म्हणाली. "कसं होतं?"

"उत्तम काम करतात. फार उत्तम. तू बघायला पाहिजे होतंस, ती मुलगी रक्त कसं…" तो थांबला. "दोन कळल्या, निगेटिव्ह. बाकीच्या गुरुवारी. त्याआधी एक सांगायचंय. मी तुला म्हटलं होतं, कुणी नव्हतं. एक होती. एकदा." आणि त्याने तारीख सांगितली, शहर सांगितलं, प्रशिक्षण, पंपवालीचे विनोद, पहाटेची गाडी. ऐकताना तिचं तोंड पाण्याकडे होतं. मध्येच एका पोराने काठ सोडला तेव्हा तिने शिट्टी फुंकली, इतक्या जवळून की त्याच्या कानात दडे बसले, आणि मग पुन्हा म्हणाली, "हं. पुढे."

"पुढे काही नाही. तिने विचारलं, पोचलात का. मी उत्तर दिलं नाही."

आता तिने मान वळवली. इतका वेळ आपण भलत्याच वाक्याची भीती बाळगत होतो हे तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं.

"नाही दिलंस? म्हणजे ती उठली, बघते तर माणूस नाही. काळजीने विचारतेय. आणि सव्वादोन वर्षं…" ती उभी राहिली. काठापर्यंत गेली, परत आली. "माझ्याशी खोटं बोललास ते मी बघून घेईन, त्याचा हिशेब घरी. तीन आठवडे झोप लागली नसेल तुला, तेवढी ओळखते मी. पण हे काय रे? माझा नवरा असाच उठून जायचा. काढ मोबाइल."

"आता?"

"आता. मी पोरांना बघते, तू लिही."

त्याने ती मोकळी जागा उघडली. पहिल्यांदा बरंच लिहिलं, कारणं, वय, बायको. वाचलं आणि सगळं पुसलं. पट्टी लावलेल्या बोटाने अक्षरं नीट उमटत नव्हती. मग लिहिलं, पोचलो होतो. कळवलं नाही, चूक झाली. गुरुवारी माझा तपासणीचा रिपोर्ट यायचा आहे, तुमच्याशी संबंध असलेलं काही निघालं तर मी स्वतः फोन करीन. तुम्ही कशा आहात? त्याने पाठवलं. पडद्यावर बारीक खूण उमटली आणि तो त्या खुणेकडे, काटा स्थिर व्हायची वाट बघावी तसा बघत राहिला.

"गुरुवारी किती वाजता?" तिने पाठमोरीच विचारलं.

"अकरा."

"सकाळच्या वर्गाला सुट्टी देते. मी येते." मग वळून, डोळे रागाने अजून लालच, "आणि तिचा फोन आला तर बाजूला जाऊन बोलायचं नाही. माझ्यासमोर बोलायचं."

"बरं."

"बरं काय? बूट काढ."

"मला पोहता येत नाही."

"ते मला माहीत नाही का? कपाटात चड्ड्या आहेत, मोठी बघून घे. आधी नळाखाली."

नळ उघड्यावर होता, पाटीखालीच. पाणी गार होतं आणि त्याच्या डोक्यावरून, खांद्यावरून, पट्टी लावलेल्या बोटावरून वाहून गेलं. पोरं पाय झाडायचं सोडून त्याच्या पांढऱ्या पोटाकडे बघायला लागली आणि तिने त्यांच्यावर शिट्टी फुंकली. तो कुडकुडत काठाशी आला. ती पाण्यात उतरून उभी होती. तिने हात वर केला. त्याने तो धरला, सगळ्या बोटांनी, आणि पायरीवर पाय ठेवला.